गल्लीच्या तोंडापर्यंत (अनुभव धागा)

परवा बाबांना पोहे देत होते. वय ८४, सकाळचं आठवत नाही पण १९८९ तोंडपाठ. मध्येच म्हणाले, "तो नाटकातला मुलगा बरा होता गं. मी सांगितलं तर रोज तुला घरापर्यंत सोडायचा."

मी सांगितलं तर?? जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) डबी हातातच राहिली.

तर असं. इंदूर, लोकमान्यनगर, गणपतीतली एकांकिका. मी सासू, तो माझा जावई (हसू नका). तालीम साडेनऊला सुटायची, आमच्या गल्लीत चार कुत्री. तो सायकल हातात धरून बरोबर चालायचा. बोलणं काय, तर टेस्ट मॅच आणि त्याच्या आत्याचं गुडघेदुखीचं तेल. गल्लीच्या तोंडाशी एकदाच घंटी वाजवायचा आणि वळायचा. त्या एका घंटीवर मी बी.ए.चं अख्खं दुसरं वर्ष काढलं. अनंत चतुर्दशीला सगळे झांक्या (मिलवाल्यांचे रोषणाईचे चित्ररथ) बघायला राजवाड्याला गेलो, तिथे त्याने भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाचा दोना आणून दिला. मैत्रिणीलाही दिला. पण माझ्या दोन्यात खोबरं जास्त होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग त्याला भोपाळला नोकरी लागली, न सांगता गेला. इतकी वर्षं मला वाटायचं, बिचाऱ्याला बोलता आलं नाही. आता कळतंय ती ड्यूटी होती. तुमचेही असे असतील तर लिहा. नावं नकोत.

दांडियाबाज, बडोदा
नवरात्र, १९९७. एक मुलगी फिरून फिरून माझ्यासमोर यायची आणि हसून टिपरी मारायची. सात रात्री मी हवेत. आठव्या रात्री लक्षात आलं, दांडियात जोडीदार सरकतच असतो, सगळेच फिरून समोर येतात. माझ्यासमोर तर तिचे काकाही येत होते आणि तेही हसत होते.

गराडू
😂😂 काका जिंकले

मिलवाली चाळ
झांक्यांचं नाव काढलंत. माझे मामा हुकुमचंद मिलमध्ये होते. झांकीसाठी महिनाभर रात्री जागायचे. १९९१ ला मिल बंद पडली. झांकी मात्र निघते अजून. विषय वेगळा आहे, माहीत आहे, राहवलं नाही.

लश्करकर
ग्वाल्हेर. डिसेंबर, तानसेन समारोह, हाडं गोठवणारी थंडी. शेजारच्याने स्वतःचा मफलर दिला, मीही घेतला. परत मागितला नाही म्हणजे काय ते समजून मी तो उशीखाली ठेवायचे. ऑगस्टात दारात हजर! "तो मफलर आहे का? मामांचा होता, ते विचारून राहिलेत." धुऊन, इस्त्री करून दिला. लोकरीला इस्त्री!

सराफा रात्री १
आमचं ऑर्कुट. ती रोज माझ्या 'रिसेंट व्हिजिटर्स'मध्ये दिसायची. मी रोज फोटो बदलायचो. तिच्या अकाउंटवरून तिचा भाऊ येत होता. शेवटी प्रत्यक्षही भेटला. जास्त लिहीत नाही.

रीगलला उतरणारी
मी दुसऱ्या बाजूची. टेम्पोत एकदा माझ्याकडे सुटे नव्हते, एका मुलाने भाडं दिलं. दुसऱ्या दिवशी परत केलं, हसून थँक्यू म्हटलं. एवढंच. पुढे सहा महिने तो समोरच्या सीटवर. काही बोलायचा नाही, त्रास दिला असंही म्हणता येत नाही. मग एक दिवस त्याचा मित्र येऊन मला म्हणतो, "तू भियाला का फिरवून राहिलीस?" मी कोणाला फिरवत नव्हते हो, मी रीगलला उतरत होते. त्यानंतर टेम्पो सोडला, एक स्टॉप मागे चालत जाऊन दुसरा धरायचे. ओळखीच्यांशीसुद्धा हसणं बंद केलं. घरी सगळे म्हणायचे, पोरगी गंभीर झाली, अभ्यासाला लागली.

लश्करकर
ताई 🙏 असं कोणी लिहीत नाही.

दांडियाबाज, बडोदा
मी वर अर्धंच सांगितलं. नवरात्रानंतर महिनाभर तिच्या घरावरून सायकलच्या चकरा मारत होतो. विनोदात ते बसेना म्हणून गाळलं होतं. ती एकदा गॅलरीतून उठून आत गेली. मला वाटलं लाजली.

गराडू
धागाकर्त्या ताई, एक शंका. बाबांनी त्याला कधीपर्यंत सोडायला सांगितलं होतं?

मिलवाली चाळ
अरे हो! हे विचाराच.

धागाकर्ती
थांबा, झोपलेत.

सराफा रात्री १
तोवर सांगा, किसात दूध घालता की नाही? आमच्या घरी यावरून आत्ता भांडण सुरू आहे.

लश्करकर
दूध हवंच. नाहीतर तो उपमा.

धागाकर्ती
उठले. विचारलं. म्हणाले, "विसर्जनापर्यंत. तालीम संपल्यावर मी कशाला सांगू?"

पण तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यापर्यंत येत होता! माझा टायपिंगचा क्लास आठला सुटायचा, तो समोरच्या पानाच्या दुकानाशी उभा असायचा. पान खात नव्हता.

गराडू
मग झालं की!! 💃

सराफा रात्री १
क्लासात आणखी कोणी मुलगी होती का? 😇

मिलवाली चाळ
तू गप रे.

धागाकर्ती
होती. तीच, दुसऱ्या दोन्यावाली. पण तिचा क्लास सातला सुटायचा. नाही, थांबा, सातला सुरू व्हायचा. आता मलाच आठवेना.

रीगलला उतरणारी
ताई, ते आत्याचं तेल कसं करायचे, आठवतं का? सासूबाईंना हवंय.

धागाकर्ती
तिळाचं तेल, त्यात ओवा आणि ठेचलेला लसूण, लसूण काळा होईपर्यंत मंद आचेवर. गाळून काचेच्या बाटलीत. प्लास्टिकच्या नको, असं तो दोनदा म्हणाला होता.