डेटाबेस बॅकअप: मेन सर्व्हरने पाठवायचा की बॅकअप सर्व्हरने येऊन न्यायचा?

धागालेखक: एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी बघतो, मायएसक्यूएल या डेटाबेसवर आहे. इतकी वर्षं तिथला क्लार्क संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा, तो रजेवर गेला की चार-चार दिवस काहीच नाही. आता मी रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलाय, मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढायचा, जीझिपने दाबून लहान करायचा आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या टूलने एसएसएचवरून (सुरक्षित जोडणीवरून) दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर पाठवायचा, बस. माझ्या मते लहान ऑफिसला एवढं भरपूर झालं. पण सोबतचा मित्र म्हणतो हे उलटं आहे, बॅकअप सर्व्हरनेच येऊन फाइल न्यायला हवी. मला ते उगाच वाढवलेलं काम वाटतं.

टर्मिनलवाला: तुमच्या मित्राचं बरोबर आहे. पाठवायचं म्हणजे बॅकअप सर्व्हरची किल्ली (लॉगिनची फाइल) मेन सर्व्हरवर ठेवायची, बरोबर ना? मग उद्या रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) घुसलं की त्याच किल्लीने तिकडच्या पण सगळ्या फायली पुसल्या जातील. त्यात आरसिंकला डिलीट (इकडे नसलेली फाइल तिकडूनही पुसायचा पर्याय) लावलं असेल तर हल्ल्याचीही गरज नाही, इकडचं फोल्डर चुकून रिकामं झालं की रात्री दोनला तिकडचंही रिकामं.

धागालेखक: डिलीट लावलेलं नाही. आणि ऑफिसात साधं ब्रॉडबँड आहे, स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नाही, बॅकअप सर्व्हरला बाहेरून आत यायला राउटरवर पोर्ट उघडं ठेवायचं का? तो धोका कमी आहे का, सांगा.

पेनड्राइव्ह समर्थक: मी तर म्हणतो माणूसच बरा. आमची स्क्रिप्ट तीन महिने रोज व्यवस्थित फाइल पाठवत होती, प्रत्येक फाइल 20 बाइटची! डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, डंप फेल व्हायचा, पण जीझिप रिकाम्या इनपुटचीही फाइल बनवतो आणि पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देतात त्यात) शेवटची कमांड यशस्वी झाली की क्रॉनला सगळं ठीक वाटतं. क्लार्कने फाइल डोळ्याने बघितली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

टर्मिनलवाला: त्यावर उपाय पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी सगळं फेल धरणारी सेटिंग) आहे हो, क्लार्क नाही. स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ टाका आणि फाइल कालच्यापेक्षा फारच लहान झाली तर मेसेज यायला हवा. तोही मेसेज खरंच येतोय का ते बघा, गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटचं 31 जानेवारी 2017 ला हेच झालं, डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि डंप घेणारं टूल 9.2 चं, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता आणि फेल झाल्याचे मेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. एका इंजिनिअरकडून चुकून मेन डेटाबेस उडाला तेव्हा सहा तास जुना एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) सापडला म्हणून निभावलं.

कृष्णाकाठ: मी सांगलीचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात. वर्षभराच्या नोंदी कागदांवरून परत भरल्या, तेही जे कागद वाळवून वाचता आले तेवढेच. त्यामुळे पाठवा नाहीतर ओढा, पण गावाबाहेर जाऊ द्या. आणि पाठवायचंच असेल तर एक करा: बॅकअप सर्व्हरवर स्वतःचा वेगळा क्रॉन ठेवा, आलेली फाइल तो दुसऱ्या फोल्डरला हलवेल, तिथे तुमच्या किल्लीवाल्या युजरला परवानगीच नको. मेन सर्व्हर हॅक झाला तरी जुन्या प्रती शाबूत राहतात.

धागालेखक: हे पटलं, आजच करतो. पाइपफेल पण टाकतो, खरं सांगायचं तर माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून खात्यांची बेरीज जुळते का तेही बघणार. पण पाठवण्यावर मी ठाम आहे.

टर्मिनलवाला: मला अजून पटलेलं नाही. स्टॅटिक आयपी नसला तरी व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन मशीनमधली खाजगी जोडणी) ऑफिसच्या बाजूने जोडता येतं आणि बॅकअप सर्व्हर त्यातून आत येतो, राउटरवर काही उघडावं लागत नाही. बरं, ते राहू दे, पण डंप एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा) तरी करा, त्यात खातेदारांचे पॅन आणि मोबाइल नंबर आहेत. आणि त्याची किल्ली फक्त ऑफिसातच ठेवू नका, सांगलीसारखं पाणी आलं तर फाइल असेल पण उघडता येणार नाही.