स्वतःच्या पुस्तकाची टिमकी की दवंडी?

शाईचा डाग:
गेल्या महिन्यात माझा पहिला कथासंग्रह आला. आवृत्ती 300 प्रतींची. प्रकाशक म्हणाले, "आता फेसबुक-इन्स्टावर तुम्हीच जरा हलवा." मी चार दिवस स्टेटस ठेवलं, तर काकूचा बाबांना फोन, "भाऊजी, लेक फारच टिमकी वाजवायला लागलीय हो!" तेव्हापासून हात आखडलाय. आपल्या लिखाणाबद्दल आपणच सांगणं, याला मराठीत न टोचणारा शब्द आहे का? मला आठवतात ते सगळे टोमणेच. टिमकी, टेंभा, शेखी, फुशारकी, आत्मप्रौढी, 'आपलीच लाल'.

ओसरी:
टोमणे खरे, पण त्यांच्या पोटात शिरून बघा. टेंभा म्हणजे मशाल. मिरवणुकीत ती दुसऱ्याला वाट दिसावी म्हणून धरायची, स्वतःच्याच तोंडापुढे धरली की हसं होतं. समर्थांनी 'आपली आपण करी स्तुती' याची रवानगी थेट मूर्खलक्षणांत केली आहे. 'जाहिरात' मात्र बिचारी निर्दोष. मूळ अरबी 'जाहिर', म्हणजे उघड. जाहीर सभा, जाहीरनामा कुणालाच खटकत नाहीत. 'जाहिरातबाजी' म्हटलं की त्या 'बाजी'ने घात केलाच.

कुळथाचं पिठलं:
माझं मत दवंडीला. टिमकीत नुसता आवाज असतो, दवंडीत बातमी असते. काय, कुठे, कधी. 'उद्या सकाळी चावडीवर जमा' एवढं सांगून माणूस पुढच्या आळीत. आता नवलेखकांच्या पोस्टी बघा. 'एका वाचकाने रात्री दोन वाजता फोन केला, तो रडत होता.' ही टिमकी. 'पाने 140, किंमत 200, टपालाने मिळेल, पहिली कथा इथे वाचा.' ही दवंडी. दुसऱ्या प्रकाराला कुणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडू दे. चाळीस जणांना टॅग करणं मात्र दवंडीत बसत नाही. ते दार ठोठावणं झालं.

गावकुसाकडून:
थांबा. आमच्या आजोबांनी दवंडी दिलेली आहे, म्हणून बोलतो. दवंडी देणाऱ्याचं स्वतःचं त्यात काहीच नसायचं. हुकूम पाटलाचा नाहीतर सरकारचा, घसा आणि हलगी आमची. महार वतनातल्या कामांपैकी ते एक. 1958 च्या कायद्याने वतन गेलं, तेव्हा आजोबांनी हलगी खुंटीला टांगली ती कायमची. तेव्हा 'स्वतःची दवंडी' हा शब्दप्रयोग मला जरा हलका वाटतो. शिवाय दवंडी दिली म्हणून कुणी त्यांना बढाईखोर म्हटलं नाही, कारण बढाई मारायला आधी नाव लागतं, आणि दवंडीत त्यांचं नाव कुठे होतं?

कुळथाचं पिठलं:
दादा, मान्य. बातमी-आवाज हा फरक मी सोडत नाही, पण शब्द परत घेतो.

ओसरी:
नावावरून आठवलं, 'नाममुद्रा' हा शब्द इथे कुणी कसा काढला नाही? 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'म्हणे नामयाची जनी'. शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांतही शेवटी कवनकर्त्याचं नाव गुंफलेलं. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हतं, रचना तोंडोतोंडी फिरायची. नाव आत विणलं नाही तर ते गळून पडणार. त्याला कुणी आत्मप्रौढी म्हटलं नाही. आज कविता फॉरवर्ड होता होता तिच्याखालचं नाव उडतं आणि भलत्याच थोर कवीचं चिकटतं. म्हणून नवख्याने आपलं नाव आपण लावावंच, आणि पुस्तक आलं तर तेही सांगावं. मुद्रा एकदा उमटवतात पण. रोज सकाळ-संध्याकाळ तोच शिक्का मारायला लागलात, तर काकूचा फोन परत येणार.

शाईचा डाग:
गावकुसाकडून, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.
मग 'जाहीर करणे' हाच साधा शब्द घेते. आजचं स्टेटस असं ठेवलंय: 'माझा पहिला कथासंग्रह जाहीर करते आहे. सात कथा, पाने 128, किंमत 180 रुपये. थोड्या प्रति शिल्लक.' काकूलाही पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

ओसरी:
'प्रती'. ती दीर्घ. पुस्तकात बरोबर छापलंय ना?