मदत हवी आहे : रोटॅक्स ९१२ इंजिनचा डावा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय

नमस्कार मंडळी. माझं मायक्रोलाइट (छोटं, हलकं विमान) पावसाळाभर झाकून होतं. आता पंप चालू केला की डाव्या कार्ब्युरेटरच्या व्हेंट नळीतून पेट्रोल ठिबकतं, उजवा कोरडाठाक. आयडलला इंजिन अडखळतं, त्या बाजूचे प्लग काळेकुट्ट.

बाउल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) काढला, कचरा नव्हता. त्यातले दोन्ही फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारे) मिळून सोनाराच्या काट्यावर ७.६ ग्रॅम भरले (सोनार हसला!). दोन्ही मिळून मर्यादा ७ ग्रॅमची, म्हणजे पेट्रोल पिऊन जड झालेले. नवे बसवले, तरी ठिबक थांबली नाही, कमी झाली इतकंच. पंपाचं प्रेशर ०.३ बार, ते ठीक आहे.

नीडलच्या (पातळी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) रबरी टोकावर बारीक कडं उमटलंय. तेवढ्यानं गळेल का? की फ्लोटची पट्टी वाकली असेल? कार्ब्युरेटर उलटा धरून ती काठाला समांतर आहे का, हे नेमकं कसं मोजता? तोवर उड्डाण बंद.