मदत हवी आहे: बंड्या पट्टा ओढतो, आणि सासरे त्याच्या बाजूने!

मंडळी, कर्वेनगरात राहते. बंड्या आमचा गावठी कुत्रा, वय दीड वर्ष, वजन १९ किलो. घरात इतका शहाणा की चपलेलाही तोंड लावत नाही. पण पट्टा दिसला की अंगात येतं. गेल्या आठवड्यात भर पावसात कॅनॉल रोडवर मांजर आडवं गेलं आणि मी कोपरावर आपटले. तरी पट्टा सोडला नाही, याचं घरात कोणालाही कौतुक नाही.

आधी आमच्याकडे तो बटणाचा, लांब होणारा पट्टा होता. त्यात ओढलं की आणखी दोरी मिळते, म्हणजे आपणच ओढायला शिकवतो. तो बाद केला. एकाने चोक चेन सुचवली होती, पण गळ्यावर दाब आणणारं काही मला नकोच. आता साधा सहा फुटी पट्टा आणि छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा). पट्टा ताणला की मी जागच्या जागी उभी. सैल पडला की डाव्या मांडीशी उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. आधी हॉलमध्ये, मग दुपारी रिकाम्या पार्किंगमध्ये. पहिल्या दिवशी गेटपर्यंतच्या चाळीस पावलांना वीस मिनिटं लागली. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, काही हरवलंय का?"

पंधरा दिवसांत पार्किंगमध्ये छान चालायला लागलाय. अडचण पुढेच आहे. सकाळची फेरी सासऱ्यांची. बंड्या त्यांना चहाच्या टपरीपर्यंत ओढत नेतो आणि तिथे त्याला पार्ले-जी मिळतं. ओढलं की बिस्किट! संध्याकाळी माझ्याबरोबरही तो तेच करून बघतो. काही बोललं तर, "अगं, त्यालाही जरा मोकळं वाटू दे."

दुसरं, गल्लीच्या तोंडाशी चार भटकी बसलेली असतात. ती दिसली की चिकन-बिकन सगळं विसरतो. काय करू?

प्रतिसाद १:
सासऱ्यांना बदलू नका, कडी बदला. हार्नेसला पाठीवरही कडी असेल ना? बाबांच्या फेरीला पट्टा कायम पाठीवर, तुमच्या शिकवणीला कायम छातीवर. कुठल्या कडीला काय चालतं, हे कुत्र्यांना हळूहळू कळतं. आमच्या लॅब्रॅडॉरला महिनाभर लागला. मात्र सरमिसळ नको.

भटक्यांचं म्हणाल तर चिकन हेच माप. तो तुकडा घेत नाही म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात. तो खाईल इतकं मागे या, ती दिसली की तिथेच खाऊ घाला, आणि वळसा घालून निघा. रोज दोन पावलं पुढे गेलात तरी खूप. आणि सारखं चिकन कशाला? नीट चालला की खांब हुंगू द्या, तेही बक्षीसच.

धागाकर्ती:
कडीची युक्ती भारी! बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पाठीची कडी माझी ना? मग ठीक. पण बिस्किट बंद होणार नाही."