जुन्या लाकडी रोलर कोस्टरवर पोलादी रूळ बसवावेत का?

मूळ मुद्दा:
लाकडी सांगाडा बराचसा तसाच ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. १९९० सालचा 'टेक्सास जायंट' २०११ मध्ये असाच नव्याने उभा राहिला आणि ओहायोतील सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानाचा 'मीन स्ट्रीक' २०१८ मध्ये 'स्टील व्हेन्जन्स' झाला. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे. यात मूळ कोस्टर संपतो. लाकडी फळ्यांचे एकावर एक थर आणि वर पोलादाची पातळ पट्टी, असा जुना लाकडी रूळ असतो. गाडीच्या भाराखाली तो किंचित दबतो, सांगाडाही डोलतो, आणि त्यातून उठणारा खडखडाट हाच या फेरीचा प्राण आहे.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. ज्या लवचीकपणाचे आपण कौतुक करता, तोच रुळाला झिजवतो. ऊन-पावसाने लाकूड फुगते व आकसते, बोल्ट सैल होतात, आणि एकदा वळणावर चाके आदळू लागली की दर फेरीगणिक तेथील खळगा वाढत जातो. 'मीन स्ट्रीक' तर हादऱ्यांसाठीच बदनाम होता. मान आणि पाठ दुखवणारी फेरी केवळ परंपरेखातर जपावी, हे मला पटत नाही. शिवाय रूळ बदलल्याने सांगाड्याचे बरेचसे लाकूड वाचते. एरवी ते पाडलेच गेले असते.

प्रतिसाद २:
सांगाडा वाचला म्हणजे कोस्टर वाचला, हे गृहीतकच चुकीचे आहे. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडच्या १९२७ सालच्या 'सायक्लोन'चा सांगाडा पोलादी आहे, तरीही तो लाकडी कोस्टर मानला जातो, कारण त्याचा रूळ लाकडी आहे.

मूळ लेखकाचे उत्तर:
प्रतिसाद २ मधील दाखला निर्णायक वाटतो. हादऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. पण तिच्यावर पोलाद हा एकच उपाय नाही. जर्मनीतील हाइडे पार्कचा 'कोलोसस' रूळ खराब झाल्याने २०१६ मध्ये बंद पडला. तेथे कारखान्यात अचूक कापून तयार केलेला नवा लाकडी रूळ बसवला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर:
'कोलोसस' २००१ मध्ये मुळातच कारखान्यात घडवलेल्या रुळासाठी रचला होता. जागेवर फळ्या ठोकून बांधलेल्या जुन्या कोस्टरला तसा रूळ बसवायचा, तर प्रत्येक वळणाची मोजणी नव्याने करावी लागेल आणि आधारही बदलावे लागतील. एवढा फेरफार झाल्यावर त्याला तरी आपण मूळ कोस्टर म्हणाल का?