मदत हवी आहे: अ‍ॅरेची लिस्ट केली तरी टेस्ट फेल

अडकलोय_परत: दुपारपासून एकाच टेस्टवर बसलोय. मेथड अ‍ॅरे (आकड्यांची रांग) परत करते, त्यात ३, ७, ७, १२ आहेत, डीबगरमध्ये डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही सारखे आहेत का बघणारं असर्टइक्वल्स फेल. कुठेतरी वाचून अ‍ॅजलिस्टने लिस्ट केली, तरी फेल! आज कोड द्यायचाय, पटकन सांगा.

सेमीकोलन: भाषा? लायब्ररी? एरर? की कुंडली मांडू?

अडकलोय_परत: जावा, जेयुनिट ५. हवं होतं [३, ७, ७, १२], मिळालं [[आय@ आणि पुढे काहीबाही.

कोडकीडा: पायथनच्या नमपाय लायब्ररीत असर्ट_अ‍ॅरे_इक्वल आहे. एका ओळीत काम.

सेमीकोलन: जावा म्हणालेत ते.

चाचणीवाली: अ‍ॅरे साध्या इंट आकड्यांचा आहे ना, इंटिजर ऑब्जेक्टचा नाही? मग अ‍ॅजलिस्ट अख्खा अ‍ॅरेच एक घटक धरते. लिस्टची साइझ छापा, १ येईल. पहिलं फेल होण्याचं कारण वेगळं: अ‍ॅरेची इक्वल्स आतले आकडे बघतच नाही, दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघते. असर्टअ‍ॅरेइक्वल्स लावा, लिस्टच्या भानगडीत पडू नका.

जुनाखोड: [आय@ च्या पुढे असतो तो मेमरीचा पत्ता.

सेमीकोलन: पत्ता नाही हो, हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्टला मिळालेला एक आकडा. कंस म्हणजे अ‍ॅरे, आय म्हणजे इंट.

अडकलोय_परत: साइझ १ च आली 🤦 असर्टअ‍ॅरेइक्वल्स लावलं, पण कधी पास, कधी फेल. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) मिळून अ‍ॅरेलिस्ट भरतात, मग तिचा अ‍ॅरे होतो. क्रम कसाही चालेल.

सेमीकोलन: हे आत्ता सांगताय?

जुनाखोड: दोन्ही अ‍ॅरे सॉर्ट करून ताडून बघा. विषय संपला.

चाचणीवाली: सॉर्टची सवय लागली की जिथे क्रम महत्त्वाचा असतो तिथेही बग झाकला जातो. असर्टजे ही टेस्टची वेगळी लायब्ररी घ्या, ते इंटचा अ‍ॅरे थेट घेतं. फक्त नावं नीट वाचा. असर्टजेमधलं कंटेन्स म्हणजे 'एवढे तरी असावेत', आणि हॅमक्रेस्ट या दुसऱ्या लायब्ररीमधलं कंटेन्स म्हणजे 'नेमके एवढेच, याच क्रमाने'.

जुनाखोड: एका टेस्टसाठी नवी डिपेन्डन्सी, बाहेरची लायब्ररी! आजकाल प्रत्येक गोष्टीला जार (लायब्ररीची फाइल) लागतं.

अडकलोय_परत: असर्टजेचं कंटेन्सओन्ली लावलं. हिरवं, पास!! धन्यवाद मंडळी, धागा बंद करतो.

चाचणीवाली: थांबा. कंटेन्सओन्ली एकच आकडा किती वेळा आला ते मोजत नाही. एकच ७ आला तरी पास होईल. कंटेन्सएक्झॅक्टलीइनएनीऑर्डर लावा आणि टेस्ट वीसेक वेळा चालवा.

अडकलोय_परत: चालवली. तीनदा फेल, तिन्ही वेळा एक ७ गायब. दोन थ्रेड आणि साधी अ‍ॅरेलिस्ट, त्यात एका वेळी एकाच थ्रेडला लिहू देणारं लॉक नाही. म्हणजे टेस्ट बरोबर होती, कोड चुकीचा. आज काही जात नाही हा कोड.

जुनाखोड: सॉर्ट केलं असतं तरी हेच सापडलं असतं. तेही जार न घेता.