मामाच्या 'स्पिटफायर'ला ईकोचं इंजिन बसवावं का? मदत हवी आहे

जालन्याहून लिहितोय. गाडी मामाची. १९८६च्या सुमारास त्याने भंगारात निघालेली स्टँडर्ड हेराल्ड (ट्रायम्फ हेराल्डच, भारतात बनलेली) घेतली, छत कापलं आणि पत्राकामवाल्याकडून तिला ट्रायम्फ स्पिटफायरचा, म्हणजे त्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, आकार देऊन घेतला. कल्पना वाटते तेवढी येडी नव्हती. १९६२ची खरी स्पिटफायर हेराल्डचीच चासी आखूड करून बेतलेली होती.

दुखणं असं की ९४८ सीसीचं मूळ इंजिन तापतं. एप्रिलात दौलताबादचा घाट चढताना तीनदा थांबलो, घरी आल्यावर पाण्यात ऑइल दिसलं. इतकी वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी. आमच्याकडचं पाणी कसलं असतं ते बंबाच्या बुडाला विचारा.

मिस्त्री म्हणतो, "जुन्या मारुती ईकोचं ११९६ सीसी इंजिन टाका. तीही मागच्या चाकांवरच चालते, कटकट संपली." पण ताकद जवळपास दुप्पट होणार आणि मागे तोच स्विंग अ‍ॅक्सल (चाकासकट झुलणारा अर्धा-अर्धा आस), स्प्रिंगचा आडवा पाटा, ड्रम ब्रेक. वळणावर अ‍ॅक्सिलेटर एकदम सोडला तर मागचं चाक आताच आत मुडपतं.

शिवाय कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलात मनाने बदल चालत नाही. २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्या बसतात, पण बॉडी मूळ हवी. ती तर मामाने कधीच कापली.

मित्र हसतात, नकलेत कसलं अस्सल जपतोस? अरे, पत्रा जालन्याचा, दिवे अ‍ॅम्बेसेडरचे, सीटा रिक्षाचं हूड शिवणाऱ्याकडच्या. ट्रायम्फचं म्हणावं असं इंजिन आणि चासी एवढंच उरलंय. मामा तर सरळ म्हणाला, "मंग ईकोच घे ना, हिला काहून त्रास देतो?"

९४८चं हेड गास्केट, बेअरिंग कुठे मिळतात? इंजिन बदलायला आरटीओची रीतसर परवानगी कुणी काढलीय का?

प्रतिसाद:
पाण्यात ऑइल दिसलं म्हणजे इंजिन गेलं असं नाही. आधी हेड उतरवा, लेथवाल्याकडे सपाटी बघा, ब्लॉकला तडा आहे का ते प्रेशर देऊन तपासा. ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (पत्र्याची गोल बुचं) काढून आतला क्षार खरवडा, मागच्या सिलिंडरभोवती जास्त साठतो. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घाला, बोअरचं एक तांब्यासुद्धा नको. ब्लॉक फुटलेला निघाला तर ईकोचं बोलू, पण तेव्हा आधी ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल, इंजिन शेवटी. हेड उतरलं की फोटो टाका.